‘साहेब, विमान वर घ्या!’

फेब्रुवारी २०२० मध्ये पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला निघालेलं एक प्रवासी विमान उड्डाणासाठी भरधाव धावत होतं, तेवढ्यात वैमानिकाला धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. त्याने नेहमीपेक्षा आधीच विमान उचललं. शेपटीला घासल्याची खूण राहिली, पण दिल्लीला सगळे सुखरूप उतरले. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. सुखोई लढाऊ विमानं तिथूनच उडतात आणि आपणही.

अशी बातमी वाचली की आपण लगेच विचारतो, चूक कोणाची? विमानसुरक्षेचे अभ्यासक विचारतात, चूक करणं इतकं सोपं का होतं?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं नीट उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिकांना फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, आत घ्यायचे असत, पण ते चाकंच आत घेत. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि हाताला अगदी सारखे लागणारे. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचर. गोंधळ थांबला. आजही कॉकपिटमध्ये चाकांच्या दांड्याचं टोक चाकासारखंच असतं.

खटका बदलता येतो. हुद्द्याचा दरारा बदलणं अवघड. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला दुबईहून आलेलं विमान धावपट्टीपलीकडे दरीत कोसळलं, १५८ जण गेले. मुख्य वैमानिक वाटेत बराच वेळ झोपला होता. घोरण्याचा आवाजही रेकॉर्डरवर आहे. विमान फार उंचावरून खाली येत होतं. सहवैमानिक पुन्हा पुन्हा म्हणाला, उतरू नका, वर घ्या. मुख्य वैमानिकाने ऐकलं नाही, आणि सहवैमानिकाने ताबा घेतला नाही. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे बाळकडू घेतलेल्या आपल्याला त्याची अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

१९७७ मध्ये टेनेरिफला धुक्यात दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं मेली. तिथेही कॉकपिटमध्येच बसून यंत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना, अशी शंका काढली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतर १९७९ मध्ये नासाच्या कार्यशाळेतून नव्या प्रशिक्षणाची सुरुवात झाली. त्यात कनिष्ठाला ठामपणे बोलायला शिकवतात, आणि वरिष्ठाला ऐकायला. माझ्या मते दुसरं जास्त कठीण.

वरिष्ठापुढे बोलणं जसं अवघड, तसंच स्वतःची चूक सांगणंही. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक स्वतःची चूक गोपनीयरीत्या नासाला कळवतात. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली, तर सहसा दंड माफ होतो. अपघात आणि गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही.