माकड हसत नाही

चवथीच्या तिसऱ्या दिवशी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. आरती झाली, नेवऱ्या खाऊन झाल्या, आणि मुलांनी हाताला धरून मला परसात नेलं. कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीला टेकवून कोंबड्यांच्या जाळीचा एक पिंजरा ठेवला होता. आत माकड. समोर चिबडाची फोड पडलेली, तिला त्यानं हातही लावलेला नव्हता. मुलं जाळीला नाक लावून उभी राहिली तसं ते मागच्या कोपऱ्यात सरकलं, ओठ कानांकडे ओढले आणि हिरड्या दिसतील इतके दात दाखवले. तोंडातून आवाज मात्र नाही.

‘‘पळय सर, हांसता!’’ मुलं खिदळली. मोठ्यांनी मोबाईल काढले.

ते हसत नव्हतं. ते भ्यालेलं होतं. त्या दिवशी चारचौघांत मी जेमतेम एवढंच सांगू शकलो. नीट सांगायला वेळ लागतो, म्हणून हा लेख.

आधी ओळख. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर, ते वेगळं. आपण ज्याला नुसतं माकड म्हणतो त्याच्या डोक्यावरचे केस मध्ये भांग पाडल्यासारखे टोपीगत पसरलेले असतात, म्हणून शास्त्रज्ञ त्याला बॉनेट मकाक म्हणतात. ते फक्त दक्षिण भारतात, साधारण तापी-गोदावरीच्या खाली सापडतं. जगात दुसरीकडे कुठेच नाही. माड आणि केळीबागांची नासधूस करतं म्हणून आपण वैतागतो, पण जागतिक पातळीवर त्याची नोंद ‘असुरक्षित’ प्रजातींत आहे.

आता त्या दातांकडे वळू. मकाकांच्या, म्हणजे या गटातल्या माकडांच्या, चेहऱ्यावर तोंड उघडण्याच्या काही ठरलेल्या मुद्रा असतात. तोंड गोल उघडलेलं, भुवया वर, कान मागे आणि नजर थेट रोखलेली असेल तर ती धमकी. तोंड सैल उघडं, अंग ढिलं आणि भोवती कोलांट्या चालू असतील तर तो खेळ. ओठ आडवे मागे खेचलेले, दात एकमेकांवर मिटलेले आणि आवाज बंद, ही तिसरी मुद्रा भीतीची आणि शरणागतीची. कळपात खालच्या मानाचं माकड वरच्या मानाच्या माकडासमोर ती करतं. अर्थ सरळ आहे: मी भांडायला आलेलो नाही, मला मारू नकोस.

गोंधळ होतो तो आपल्या हसण्याशी असलेल्या साम्यामुळे, आणि हे साम्य खरोखरच रक्तातलं आहे. डच प्राणिवर्तनशास्त्रज्ञ यान व्हान होफ यांनी १९७२ साली मांडलं की माणसाचं स्मित आणि माणसाचं हसू यांची मुळं दोन वेगळ्या मुद्रांत आहेत. खदखदून हसणं आलं माकडांच्या खेळातल्या उघड्या तोंडातून, आणि स्मित आलं दात दाखवणाऱ्या त्या मूक शरणागतीतून. भीतीची खूण मैत्रीची कशी झाली असेल, याची एक पायरी आजही पाहायला मिळते. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या टोंकियन मकाकांत मानपानाची उतरंड सैल आहे, आणि तिथे हीच मुद्रा जवळिकीसाठीही वापरली जाते. आपल्या माकडाच्या चेहऱ्यावर मात्र तिचा अर्थ अजून जुनाच आहे. आपण त्याच्या तोंडावर आपली भाषा वाचतो.

हे चेहऱ्यावर उमटतं कसं, हे मला सर्वांत विलक्षण वाटतं. चेहऱ्यावर भाव उमटवणारे स्नायू मेंदूकडून निघणाऱ्या सातव्या नसेवर चालतात. या नसेच्या उगमाशी पेशींचा एक पुंजका आहे, आणि मेंदूच्या बाह्यपटलातून त्याच्याकडे एक नाही, अनेक वाटा येतात. मकाकांत चेहऱ्याशी जोडलेली अशी पाच क्षेत्रं शोधली गेली आहेत. एक नेहमीचं, ठरवून हालचाल करण्याचं. पण दोन क्षेत्रं मेंदूच्या दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत, सिंग्युलेट नावाच्या पट्ट्यात आहेत, आणि धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डलाचे धागे थेट तिथे पोचतात. माणसात हा फरक पक्षाघातात दिसतो. काही रुग्णांना ‘हसून दाखवा’ म्हटलं तर तोंड एका बाजूलाच हलतं, पण विनोद ऐकला की दोन्ही बाजूंनी फुलतं, कारण त्यांची ठरवून चालणारी वाट तुटलेली असते आणि भावनेची शाबूत. पिंजऱ्यातल्या माकडाचे दात याच दुसऱ्या वाटेनं दिसतात.

आणि ही खूण उत्तरासाठी असते. कळपात दात दाखवल्यावर समोरचा तोंड फिरवतो, बाजूला होतो किंवा जवळ येऊन ओठ चुटचुटवतो. ही चुटचुट सेकंदाला साधारण पाच वेळा होते, आणि माणूस बोलताना अक्षरंही जवळपास त्याच गतीनं उच्चारतो. आपल्या बोलण्याचा ताल अशाच हालचालीतून आला असावा, असं काही संशोधक मानतात. आता पिंजऱ्यापुढचं दृश्य आठवा. माकड म्हणतंय, मला सोड. समोरची माणसं एकटक बघतायत, म्हणजे त्याच्या भाषेत धमकी देतायत. वर दात दाखवून, मोठ्यानं आवाज करत आणखी जवळ येतायत. पळायला जागा नाही. मग एके दिवशी कुणीतरी जाळीतून बोट घालतं, आणि नंतर सगळे सांगतात, ‘‘हसत होता, एकदम चावला!’’ ते एकदम नसतं. इशारा किती दिवसांपासून दिलेला असतो.

इंटरनेटवरचे असले व्हिडिओ पाहताना हे लक्षात ठेवावं. मागे स्लो लोरिस नावाच्या गोलमटोल प्राण्याला गुदगुल्या केल्यावर तो हात वर करतो, अशा व्हिडिओला जगभर दाद मिळाली. लोरिसच्या कोपराजवळच्या ग्रंथीतला स्राव लाळेत मिसळला की त्याचा चावा विषारी होतो, आणि हात वर करणं ही त्या बचावाची सुरुवात. लोक म्हणत होते, त्याला मजा येतेय.

आमच्याकडच्या एका समजुतीबद्दलही बोललं पाहिजे. ‘‘घरात मारुतीराया आहे, त्याच्यामुळे बरकत आहे,’’ असं त्या घरातल्या आजींनी मला सांगितलं. त्यांची श्रद्धा खरी होती, माया खरी होती. पण जाळीत कोंडलेल्या प्राण्यातून घरात काही येत नाही. ज्याला देव मानायचं त्याला जाळीत ठेवायचं, हे मला पटत नाही, आणि मी तसं त्यांना म्हटलंही.

एकटेपणाचा घाव या जातीला जास्तच खोल लागतो. चोर्ला घाटात सांजवेळी कठड्यावर पाहा: पाच-सहा माकडं एकमेकांच्या कुशीत इतकी घट्ट बसलेली असतात की कोणती शेपटी कुणाची ते कळत नाही. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लिओनार्ड रोझेनब्लम आणि चार्ल्स कॉफमन यांनी दोन मकाक जातींची तुलना केली. पिगटेल मकाकाच्या पिल्लाची आई बाजूला केली की ते पिल्लू खचून, गोळा होऊन बसे. बॉनेट मकाकाचं पिल्लू मात्र कळपातल्या इतर माद्यांनी उचलून घेतलं. म्हणजे आई नसली तरी चालेल इतकी सोय त्याच्याकडे आहे, पण ती सोय म्हणजे कळप. धोका जाणवला की हायपोथॅलॅमस, पियूषिका आणि अधिवृक्क ग्रंथी अशी साखळी चालू होऊन रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. कळपातला परिचित स्पर्श हे उधाण ओसरायला मदत करतो. एकट्या माकडाला तो स्पर्शच नसतो. मग ते फेऱ्या मारतं, स्वतःला कवटाळतं, कधी स्वतःचेच हात चावतं.

रोगांचं थोडक्यात सांगतो. चाव्यातून रेबीज होऊ शकतो. मकाकांत बी-विषाणू असतो. १९३२ साली अमेरिकेत विल्यम ब्रेबनर हे तरुण डॉक्टर माकड चावल्यानं दगावले, त्यांच्या आडनावावरून त्याचं नाव पडलं. माणसाला तो क्वचितच होतो, पण झाला आणि उपचार लांबले तर बहुतेक जीवघेणा ठरतो. हा विषाणू मज्जापेशींत दडून राहतो आणि ताण वाढला की पुन्हा लाळेत उतरू शकतो, म्हणजे कोंडल्यानं धोका वाढतो. माकडतापाचं म्हणाल तर १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५ मध्ये आपल्या सत्तरीतल्या पाली गावापर्यंत पोचला. तो पसरतो गोचिडींमुळे. माकड स्वतः त्यानं मरतं, ते दोषी नाही. पण रानातून नुकतंच पकडून आणलेलं माकड अंगावर गोचिडी घेऊन थेट परसात येतं, हे विसरू नये.

कायद्यात संदिग्धता नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं आणि सापळा लावणं हीसुद्धा शिकारच. माकडाचे खेळ करण्यावर १९९८ पासून बंदी आहे. पिल्लू सापडलं म्हणून वाढवलं, असं बरेच जण सांगतात, आणि त्यात खरंही असतं. विजेच्या तारेला चिकटून आई मेलेली असते, पोटाला बिलगलेलं पिल्लू उरतं. तेव्हा त्याच दिवशी वन खात्याला कळवायचं. महिने गेले की त्याला कळपाची भाषा येईनाशी होते.

आधीच घरात माकड असेल तर कृपा करून पिंजरा उघडून रानात सोडून देऊ नका. परका कळप त्याला फाडून काढू शकतो, आणि माणसाला सरावलेलं माकड पुढच्या घरच्या मुलाच्या अंगावर येऊ शकतं. वन खात्याला फोन करा. ते येईपर्यंत पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर गोणपाट टाका, आतल्या कोपऱ्यात बसायला फळी द्या, मुलांना दूर ठेवा. पाणी ठेवताना डोळ्यांत बघू नका, तोंड बाजूला वळवा. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा, लगेच आरोग्य केंद्रात जा, आणि माकड चावलं असं स्पष्ट सांगा.

त्या संध्याकाळी मी एवढं केलं. मुलांना पायरीवर बसवलं, स्वतः पिंजऱ्याकडे पाठ करून गोठ्याच्या दगडावर बसलो. दहा-बारा मिनिटांनी पाठीमागे चिबूड कुरतडल्याचा आवाज आला.