पंप पेट्रोल ओढत नाही

कार्ब्युरेटरवर (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणाऱ्या दमदार गाडीचा पेट्रोलचा दाब पडला की पहिला बळी पंपाचा जातो. नवा पंप बसतो आणि पुढच्याच फेरीत गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पुन्हा गचके खाते. मग त्याहून मोठा पंप येतो. अमेरिकेत साठच्या दशकातल्या ‘मसल कार’ जपणारे आणि पाव मैलाच्या सरळ पट्टीवर त्या पळवणारे हौशी लोक या चक्रात बरेच डॉलर घालवतात. पंप बहुतेक वेळा निर्दोष असतो. शाळेतला एक धडा तेवढा विसरलेला असतो: द्रव वाहतो तो दोन जागांच्या दाबांतल्या फरकामुळे, आणि दाब मोजणारं साधं गेज दाखवतं तोही फरकच.

उदाहरणाला १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो घेऊ. ३५० घनइंची व्ही-८ इंजिन, त्यावर होली कंपनीचा चार नळ्यांचा कार्ब्युरेटर. टाकी मागे डिकीखाली, पंप पुढे इंजिनाच्या कुशीत, मध्ये तीनेक मीटर पोलादी नळी. पंपात एक डायफ्राम, म्हणजे लवचीक पडदा, असतो. इंजिनातल्या कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्याचा उंचवटा तरफेमार्फत तो एका बाजूला खेचतो, की पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग त्याला परत ढकलते, की पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातं. म्हणजे बाहेर पडणारा दाब ठरवते ती स्प्रिंग, इंजिन कितीही जोरात फिरो. हा दाब जेमतेम ६ पीएसआय (चौरस इंचावर पौंड) असतो. टायरमध्ये आपण ३० भरतो. सहातले दोन गेले की तिसरा हिस्सा गेला.

आता तिसऱ्या गिअरचंच कोडं का? कार्ब्युरेटरच्या पोटात फ्लोट चेंबर असतात, पेट्रोलचे छोटे साठे. ४०० अश्वशक्ती काढताना असं इंजिन तासाला सुमारे ९० किलो, म्हणजे सेकंदाला ३४ मिलिलिटर पेट्रोल पितं. समजा पुरवठा २४ चाच आहे आणि चेंबरांत वापरता येण्याजोगं ८० मिलिलिटर आहे. सेकंदाला १० ची तूट, म्हणून आठ सेकंद सगळं झकास, आणि मग इंजिनाला एकदम पेट्रोल कमी पडतं. बारा सेकंदांच्या शर्यतीत आठवं सेकंद म्हणजे तिसरा गिअर! किती वेळाने गाडी मान टाकते, यावरूनच तुटीचा अंदाज येतो.

गाडी उभी ठेवून, इंजिन मंद चालवून गेज बघणं म्हणूनच फसवं असतं. चिमटलेल्या जागेतून प्रवाह दहापट झाला की दाबाची तूट साधारण शंभरपट होते. मंद चालीत पेट्रोल थेंबाथेंबाने जातं, तूट दिसतच नाही, काटा ६ वर सुखाने बसतो. मोजायचं ते पूर्ण जोर लावलेला असताना. त्यासाठी जाणकार लांब होज लावून गेज काचेच्या बाहेर, वायपरपाशी चिकटवतात. पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणायची नाही.

पण त्या काट्यावर तरी विश्वास ठेवावा का? इथे मला राहवत नाही, कारण हे यंत्र फार सुंदर आहे. फ्रान्सच्या यूजेन बूर्दाँने १८४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आत चपटी, चंद्रकोरीसारखी वळवलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि दात्यांमार्फत काटा फिरवते. पण ‘सरळ होऊ पाहते’ कुणाच्या विरोधात? नळीबाहेर, गेजच्या डबीत जी हवा आहे तिच्या. काटा दाखवतो तो नळीतला दाब वजा डबीतला दाब. डबी उघडी असेल तर तिथे वातावरणाचा दाब असतो आणि हिशेब चोख. पण इंजिनाच्या थरथरीत काटा नाचू नये म्हणून अनेक गेजांत ग्लिसरीन भरून डबी सीलबंद करतात, वर थोडी हवा कोंडलेली राहते. हे गेज तापलेल्या इंजिनावर बसवलं की ती हवा तापते. २५ अंश सेल्सिअसला भरलेली हवा ८५ अंशांवर गेली की, केल्व्हिनमध्ये, २९८ वरून ३५८. जागा तेवढीच, म्हणून दाब १०१ किलोपास्कलवरून १२१ वर. ही २० किलोपास्कलची वाढ म्हणजे जवळपास ३ पीएसआय, आणि ती काट्यातून थेट वजा होते. वर ग्लिसरीनही फुगून हवेला आणखी दाबतं. पेट्रोलचा दाब ६ च असतो, काटा ३ दाखवतो, आणि गाडीवाला पंप बदलतो! अशा गेजवर बहुधा छोटं रबरी बूच असतं. ते उचकटलं की कोंडलेली हवा सुटते आणि काटा जागेवर येतो. एवढं केल्यावरही काटा खालीच राहिला, तरच दाब खरोखर पडलाय असं समजायचं.

मग चूक शोधायची ती पंपाच्या मागच्या बाजूला. स्ट्रॉने नारळपाणी पिताना आपण ते ओढतो असं वाटतं. प्रत्यक्षात आपण तोंडातला दाब कमी करतो, आणि बाहेरचं वातावरण पाणी वर ढकलतं. पंपही तेवढंच करतो. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीच्या काळापासून माहीत आहे की वातावरण पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलतं. पेट्रोल हलकं, म्हणून हिशेबाने १४ मीटर यायला हवं. येत नाही, कारण दाब कमी झाला की पेट्रोल उकळतं. बाहेरचा दाब द्रवाच्या स्वतःच्या वाफेच्या दाबापर्यंत, म्हणजे बाष्पदाबापर्यंत, उतरला की तो उकळतो. साधारण ६० किलोपास्कल बाष्पदाबाचं पेट्रोल ३८ अंशांना घेतलं, तर वातावरणाच्या १०१ पैकी उरतात ४१. एवढंच भांडवल. आता गाडीने १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, त्वरणाने झेप घेतली की आडवी तीन मीटर नळी जणू उभी राहते: ७४० गुणिले ९.८ गुणिले ३, म्हणजे जवळजवळ २२ किलोपास्कल. निम्म्याहून जास्त भांडवल सुरुवातीलाच खर्च. फिल्टर, वाकलेली नळी, आतून सुटून प्रत्येक झेपेला चपटा होणारा जुना रबरी होज, हे सगळे उरलेल्यावर हात मारतात. टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र बुजलं तर ढकलणाऱ्या वातावरणालाच दार बंद. झाकण सैल करून गाडी पळवून पाहणं ही फुकटची चाचणी, आणि तीच सगळ्यात शेवटी आठवते.

इंजिनाजवळ पेट्रोल ६० अंशांपर्यंत तापलं की बाष्पदाब जवळपास दुप्पट होतो. मग न ढकलता, न खेचताही ते उकळतं. हाच व्हेपर लॉक: पंपात बुडबुडा शिरतो, डायफ्राम त्याला दाबतो नि सोडतो, पुढे काही जात नाही. अमेरिकेत थंडीसाठी जास्त बाष्पदाबाचं पेट्रोल विकतात, म्हणून वसंतातल्या पहिल्या गरम दिवशी जुन्या गाड्या हमखास अडतात. आपल्याकडे कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे चालक घाटात पंपावर ओलं फडकं टाकत, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. बाष्पीभवनाने पंप गार होतो. नळीला लाकडी कपड्यांचे चिमटे लावण्याचा अमेरिकी तोडगा मात्र निव्वळ श्रद्धा आहे. गाडी थांबवून चिमटे लावेपर्यंत ती आपोआप गार होते, आणि श्रेय चिमट्यांना मिळतं. पेट्रोलचे ‘रेणू सरळ करणारी’ चुंबकं विकणारे तर त्याहून वरचढ. लोहचुंबक पेट्रोलचं काहीही बिघडवत नाही आणि सुधारतही नाही.

पंप खरंच गेला असेल, तर तो खुणा ठेवतो. डायफ्राम फाटला की पंपाच्या छिद्रातून पेट्रोल झिरपतं किंवा इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीला, पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका.

शर्यतवाल्यांचा पक्का उपाय म्हणजे विजेवरचा पंप मागे, टाकीशेजारी आणि शक्य तितका खाली बसवणं. खेचण्याची नळी वीतभर उरते, लांब नळीत पेट्रोल ढकललं जातं, आणि दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही. मागे १४ पीएसआय ठेवले आणि पुढे दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरने साडेसहावर आणले, तर झेपेचे ३ पीएसआय गेले तरी कार्ब्युरेटरला पत्ता लागत नाही. पंपापाशी व्होल्टेज मात्र पूर्ण भारावर मोजावं.

आणि एक उलटा प्रकार. पूर्ण जोरात काटा ६ वर ठाम, तरी गाडी आठव्या सेकंदाला मान टाकते. अशा वेळी अडथळा गेजच्या पुढे असतो: फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नीडल झडपेचं छिद्र लहान, किंवा होलीच्या तोंडाशी बसणारा बोटाच्या पेराएवढा ब्राँझचा फिल्टर गाळाने भरलेला. तिथे पेट्रोल तुंबतं, म्हणून अलीकडचा दाब उत्तम दिसतो आणि पलीकडे चेंबर कोरडे पडतात.