जे-१ वर सहकुटुंब जाताय? घरच्यांची पॉलिसी नीट वाचा

जे-१ म्हणजे अमेरिकेत संशोधन, अध्यापन अशा देवाणघेवाणीच्या कार्यक्रमासाठी मिळणारा व्हिसा. त्याच्या मुलाखतीत विम्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. म्हणून मंडळी ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणतात आणि अडतात तीही तिकडे गेल्यावरच, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात नोंद करायला गेली की.

नियम अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा आहे. दर आजारामागे किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण, उपचारासाठी हलवावं लागलं तर ५० हजार, मृतदेह मायदेशी पाठवायला २५ हजार. डिडक्टिबल, म्हणजे कंपनीने पैसे द्यायच्या आधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, दर आजारामागे ५०० डॉलरच्या वर नको. १५ मे २०१५ च्या आधी पहिला आकडा ५० हजार होता. त्या काळात जाऊन आलेले आपले सर अजूनही ‘पन्नासची घे, पुरते’ सांगतात. सरांचा मान ठेवा, सल्ला घेऊ नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो ‘दर आजारामागे’ या शब्दांत. एका जोडप्याची भारतातून आणलेली पॉलिसी मी त्यांच्यासोबत बसून वाचली. पहिल्या पानावर ठळक अक्षरात १ लाख डॉलर. आत बारीक टायपात खोलीभाडं, शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ, प्रत्येकाला वेगळी मर्यादा; शिवाय ते लाखभर डॉलर सगळ्या मुक्कामाला मिळून एकदाच. हप्ता पूर्ण भरलेला, पॉलिसी नापास. पुन्हा नवी घ्यावी लागली.

दुसरी अडचण मानांकनाची, म्हणजे कंपनीच्या आर्थिक ताकदीला मिळालेल्या श्रेणीची. विमा कंपनीला ए. एम. बेस्ट, स्टँडर्ड अँड पुअर्स किंवा फिचचं किमान ‘ए मायनस’, किंवा मूडीजचं ‘ए-३’, किंवा वाइसचं ‘बी प्लस’ लागतं. एजंट ‘ट्रिपल ए आहे साहेब’ म्हणतो तेव्हा तो बहुधा क्रिसिल किंवा इक्रा या भारतातल्या मानांकन संस्थांबद्दल बोलत असतो. त्या या यादीत नाहीत. हप्त्याची पावती इथे कामाची नाही. वरचे चारही आकडे, मानांकन, तारखा आणि प्रत्येकाचं नाव असलेलं इंग्रजी पत्र कंपनीकडून घ्या. ते सहसा कुणाकडेच नसतं, आणि पुण्यातल्या शाखेत मागितलं तर ‘असं पत्र देत नाही’ हे पहिलं उत्तर येतं. निघायच्या महिनाभर आधीपासून मागे लागा.

जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, येणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला आणि २१ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना हाच नियम. ‘ती तर घरीच असणार, तिला कशाला?’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. तिचा विमा काढायचं जाणूनबुजून टाळलंत, तर जे-१ चा कार्यक्रम तुमचा रद्द होतो आणि स्पॉन्सरला, म्हणजे तुम्हाला बोलावणाऱ्या विद्यापीठाला किंवा संस्थेला, त्यात सूट देता येत नाही. आईवडील जे-२ वर येत नाहीत. त्यांच्या पर्यटक व्हिसाला ही अट लागू नाही, तरी विम्याविना आणू नका.

विद्यापीठात पगारी नेमणूक असेल तर तिथलीच योजना घ्यावी. मात्र हप्ता कमी दिसतो म्हणून मोठ्या डिडक्टिबलचा पर्याय निवडलात तर ५०० ची अट मोडते. शिवाय अशा योजनांत मायदेशी नेण्याचा खर्च बऱ्याचदा नसतो. त्याची छोटी पूरक पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. विमा डीएस-२०१९ वरच्या, म्हणजे स्पॉन्सरने दिलेल्या जे-१ च्या फॉर्मवरच्या, पहिल्या तारखेपासून हवा. पगारी योजना उशिरा सुरू होत असेल तर मधल्या दिवसांची सोय आपली आपणच करायची.

तिथे बाळ झालं तर ते जन्माने अमेरिकी नागरिक, म्हणजे जे-२ नाही. पण नोकरीच्या योजनेत त्याचं नाव घालायला साधारण ३० दिवसच मिळतात. बारसं नंतर करा, तो फॉर्म आधी भरा.