डेटा बाइंडिंग आणि घटकांची दृश्यता

पडद्यावरचा घटक कधी दिसावा, हे कोडमध्ये जागोजागी हुकूम देऊन न ठरवता त्याची दृश्यता डेटातल्या एखाद्या मूल्याला बांधून ठेवण्याची पद्धत. 'यादी रिकामी आहे' ही सूचना घ्या. नोंद फॉर्ममधून वाढते, बटणाने पुसली जाते, कधी सर्व्हरकडून परस्पर येते. सूचना नोंदींच्या संख्येला बांधली की यांपैकी कुठल्याही वाटेवर तिला हात लावावा लागत नाही. संख्या शून्य झाली की ती दिसते.

खरी मेख लपवण्याच्या प्रकारात आहे. विंडोज प्रोग्रामांचे पडदे बांधण्यासाठी मायक्रोसॉफ्टने 2006 साली आणलेल्या डब्ल्यूपीएफ या चौकटीमध्ये दृश्यतेची तीन मूल्ये आहेत: व्हिजिबल, हिडन आणि कोलॅप्स्ड. हिडन घटक दिसत नाही, पण जागा अडवून बसतो. कोलॅप्स्ड जागाही सोडतो आणि शेजारचे घटक सरकतात. अँड्रॉइडमध्ये हाच फरक इन्व्हिजिबल आणि गॉन असा आहे. खरे-खोटे ही मूल्ये मात्र दोनच, म्हणून डब्ल्यूपीएफमध्ये डेटा आणि घटक यांच्यामध्ये कन्व्हर्टर, म्हणजे एका मूल्याचे दुसऱ्यात रूपांतर करणारा कोड, बसवतात. सोबत मिळणारा तयार कन्व्हर्टर 'खोटे'चे कोलॅप्स्ड करतो. फॉर्ममध्ये चूक दाखवणाऱ्या संदेशाला तो लावला, तर संदेश येता-जाता खालची बटणे वर-खाली उडतात आणि क्लिक भलतीकडेच पडते. तिथे हिडनच हवे, आणि त्यासाठी कन्व्हर्टर स्वतः लिहावा लागतो.

वेबपाने बांधण्याच्या व्ह्यू या चौकटीत व्ही-शो हा निर्देश घटक पानाच्या रचनेत ठेवून फक्त सीएसएसने, म्हणजे रूपाच्या नियमांनी, लपवतो, तर व्ही-इफ तो डॉममधूनच, म्हणजे ब्राउझरने धरलेल्या पानाच्या रचनेतूनच, काढतो. त्यामुळे व्ही-इफने गेलेला घटक परत येतो तो नव्याने घडून. त्याची स्वतःची आतली स्थिती गेलेली असते. वारंवार उघड-मीट होणाऱ्या पॅनेलला व्ही-शो बरा.

बाइंडिंग बरोबर दिसूनही घटक हलत नसेल, तर बहुतेक वेळा मूल्य बदलल्याची खबरच डेटाकडून बाइंडिंगला पाठवलेली नसते. डब्ल्यूपीएफच्या डेटाग्रिडमधला, म्हणजे तक्त्याच्या घटकातला, स्तंभ हे आणखी चकवणारे प्रकरण. स्तंभ दृश्य-वृक्षाचा, म्हणजे पडद्यावरच्या घटकांच्या उतरंडीचा, भाग नसल्याने त्याला डेटा-संदर्भ, म्हणजे मूल्ये कुठून घ्यायची तो स्रोत, वरच्या घटकाकडून वारशाने मिळत नाही. बाइंडिंग जुळत नाही, स्तंभ दिसतच राहतो आणि प्रोग्राम बंदही पडत नाही. चूक फक्त डीबगरच्या, म्हणजे दोष शोधण्याच्या साधनाच्या, आउटपुटमध्ये उमटते.

दृश्यता म्हणजे परवानगी नव्हे. वेबपानावर 'हटवा' बटण लपवले, तरी त्यामागची विनंती कोणालाही हाताने पाठवता येते, म्हणून अधिकाराची तपासणी सर्व्हरवर व्हावीच लागते.