इंग्रजीचा तास आणि मुलांच्या ‘शैली’: मागचा इतिहास

‘दृश्य, श्राव्य, कृतिशील’ ही शिकण्याच्या शैलींची विभागणी डी.एड., बी.एड. केलेल्यांना तोंडपाठ असते. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी करून. तेव्हा मूल ओळखा आणि तसं शिकवा. ही कल्पना आली कुठून आणि तिला आधार किती, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

करून शिकण्याचा विचार विदर्भाला बाहेरून आणावा लागला नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पाठोपाठ झाकिर हुसेन समितीने योजना आखली: सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि सूतकताई, शेतीसारख्या उद्योगाभोवती गुंफलेलं. सेवाग्रामला ही नई तालीम प्रत्यक्षात आली. पण तिच्यात इंग्रजीला जागा नव्हती. इंग्रजीचा तास आपल्या जुन्याच रीतीने चालत राहिला: गुरुजींनी धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, पोरांनी शब्दार्थ वहीत उतरवायचे आणि प्रश्नोत्तरं घोकायची. हाताने शिकण्याचा एवढा मोठा प्रयोग दारात असून इंग्रजीला त्याचा स्पर्श झाला नाही, हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २०००-०१ पासून, ते पहिलीत आलं. सहा वर्षांच्या मुलांना शब्दार्थ कसे उतरवून देणार? मग कृतिगीतं, चित्रं, ‘स्टँड अप, सिट डाउन’ अशा सूचना यांचं महत्त्व वाढलं. सूचना ऐकून अंगाने प्रतिसाद देण्याची ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडली होती.

शैलींची मांडणी वेगळ्या वाटेने आली. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांचं अनुभवातून शिकण्यावरचं पुस्तक १९८४ चं. न्यूझीलंडमध्ये शाळा तपासनीस राहिलेल्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती अशी चौकट तयार केली. त्याच वर्षी अमेरिकन संशोधक जॉय रीड यांनी इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या विद्यार्थ्यांचा कल कृतीकडे जास्त दिसला. पण ते अमेरिकेत इंग्रजी शिकायला आलेले मोठे विद्यार्थी होते, आणि आपल्या आवडी त्यांनी स्वतःच प्रश्नावलीत भरल्या होत्या. जिल्हा परिषद शाळेतल्या दुसरीच्या पोरांना ते माप लावताना हे विसरून चालत नाही.

मग तपासणी सुरू झाली. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या एका आढाव्यात शैलींची तब्बल ७१ प्रारूपं मोजली गेली. २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी झालेल्या संशोधनाचा आढावा घेत नेमका प्रश्न विचारला: शैलीप्रमाणे शिकवलं तर मूल खरंच जास्त शिकतं का? पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

वर्गात याचा अर्थ काय होतो? ‘पुट द बुक इन द बॅग’ म्हटलं की दुसरीतली मुलगी पुस्तक बरोबर दप्तरात टाकते. ‘काय केलंस?’ असं इंग्रजीत विचारलं की म्हणते, “मॅडम, मले सांगता नाही येत, करून दाखवू का?” तिला कृतिशील ठरवून मोकळं होणं सोपं आहे. खरं तर तिला वाक्य कळलेलं आहे; बोलण्याइतकं इंग्रजी अजून तिच्या कानावर पडलेलं नाही. गावात ते त्या एका तासालाच ऐकू येतं. तिला नुसती कृतीच देत राहिलं, तर तिचं बोलणं सुरू व्हायचं कसं?

मेळघाटात हा घोळ आणखी वाढतो. तिथल्या कोरकू मुलाला इंग्रजी ज्या मराठीतून समजावतात, ती मराठीच नवी असते. यवतमाळकडची कोलामी किंवा गडचिरोलीतली माडिया बोलणाऱ्या मुलांचंही तेच. कोलामी, माडिया द्रविड कुळातल्या, कोरकू मुंडा गटातली. मराठीशी यांचं नातं नाही. अशा पोराला सूचना कळली नाही म्हणून ‘ऐकून शिकत नाही’ असा शेरा मारणं अन्यायाचं आहे. त्याला आधी कोरकूत दोन वाक्यं सांगणारं कुणीतरी हवं, मग ते वरच्या वर्गातलं पोर का असेना.

दोनशिक्षकी शाळेत गट पाडायला सवड नसतेच. तिथे चित्र, गाणं, कृती, लेखन सगळं सगळ्यांना मिळतं, आणि पॅशलर यांच्या आढाव्याचा त्याला विरोध नाही. आक्षेप आहे तो शैलीच्या चाचण्या घेऊन मुलं वाटण्यात वेळ आणि पैसा घालवण्याला.