पार्श्वभूमी : अलीगढचे कुलूप आणि राखीव यादी

१० एप्रिल २०१५ रोजी केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी राखीव असलेल्या शेवटच्या २० वस्तू मोठ्या कंपन्यांनाही खुल्या केल्या. लोणची, पाव, मेणबत्त्या, काडेपेट्या, फटाके, उदबत्त्या, काचेच्या बांगड्या यांच्याबरोबर त्या यादीत कुलूपही होते. उत्तर प्रदेशातील अलीगढ या कुलपांच्या शहराचा विषय निघाला की त्या निर्णयाचा उल्लेख येतोच. कोणी त्याला घाव म्हणतो, कोणी उशिरा आलेले शहाणपण.

शहराचा कुलपांशी संबंध जुना आहे. १८७० च्या सुमारास एका इंग्रज कंपनीने इथे विलायती कुलपे आणून विकायला सुरुवात केली आणि १८९० मध्ये स्वतःच ती घडवायला घेतली. टपाल खात्याची सरकारी कार्यशाळाही याच शहरात होती. तिथे धातूकामात तयार झालेले हात पुढे गल्लीबोळांत पसरले.

महत्त्वाची गोष्ट ही की अलीगढचे कुलूप सहसा एका छताखाली तयार होत नाही. पत्रा एका ठिकाणी कापला जातो, पितळेचे ओतकाम दुसऱ्या भट्टीवर होते. कडी वाकवणारा वेगळा, लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्या, आणि स्प्रिंगा पाडणारा वेगळा, किल्लीचे दात कानशीने घासणारा आणखी वेगळा. मग बफिंग, म्हणजे घासून चकाकी आणणे, मग मुलामा, आणि शेवटी जुळणी. जुळणी आणि पॅकिंगचे बरेचसे काम घरोघरी बायका करतात. प्रत्येक टप्प्याची मजुरी नगावर. जुन्या वस्तीत एका कुलपाचे पैसे असे अनेक उंबऱ्यांत वाटले जातात, म्हणून मागणी थांबली की झळ कारखान्याच्या फाटकापाशी न थांबता थेट घरांत पोहोचते.

या साखळीची काळी बाजूही आहे आणि ती टाळून हा इतिहास सांगता येणार नाही. बफिंगच्या धातूधुळीने आणि मुलाम्याच्या सायनाइडयुक्त द्रावणाने फुफ्फुसे आणि कातडी खराब होतात. १९८० च्या दशकात या कामांवर लहान मुले मोठ्या संख्येने असल्याचे अभ्यासांतून पुढे आले. पुढे बालकामगारविषयक कायद्यातील धोकादायक कामांच्या यादीत कुलूपनिर्मिती घातली गेली.

आता राखीव यादी. हे धोरण १९६७ मध्ये ४७ वस्तूंपासून सुरू झाले आणि १९८० च्या दशकात आठशेच्या वर वस्तूंपर्यंत गेले. यादीतील वस्तू लघुउद्योगानेच बनवायची, असा नियम. मोठ्या कंपनीला ती नव्याने बनवायची असेल, तर किमान निम्मा माल निर्यात करण्याचे बंधन. आधीपासून असलेल्यांना तेवढ्याच क्षमतेवर राहण्याची मुभा. मुंबईत १८९७ साली कुलपांपासूनच सुरू झालेला गोदरेज उद्योगसमूह देशभर माहीत होता, पण यादीच्या काळात स्वस्त कुलपांचा बाजार अलीगढकडे राहिला.

इथेच शब्दाचा गुंता आहे. मराठीत आपण कपाटाचे, दाराचे आणि कडीत अडकवायचे अशा सगळ्यांनाच ‘कुलूप’ म्हणतो. हिंदीतला ‘ताला’ही तसाच ऐसपैस. २०१५ च्या यादीत मात्र फक्त अडकवायचे कुलूप, म्हणजे पॅडलॉक होते. दारात बसवायचे मॉर्टिस कुलूप त्या यादीत नव्हते. नव्या सदनिकांच्या दारांना मॉर्टिस कुलपे लागू लागली, तसा वाढता बाजार यादीच्या कुंपणाबाहेर गेला. ‘कुलूप-उद्योग राखीव होता’ असे सरसकट म्हणणारे निम्मीच गोष्ट सांगतात.

दुसरा प्रश्न, राखले कोणाला? लघुउद्योग ठरवण्याचा निकष होता यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीचा. मर्यादा ओलांडली की संरक्षण जाते, म्हणून यंत्र नवे घेण्याऐवजी धंदा दोन नावांवर तोडणे परवडायचे. धोरणाने कारखान्याचे लहानपण जपले. नगावर मजुरी घेणारा कारागीर त्यात कुठेच नव्हता. त्याचा दर, त्याचे आजारपण, त्याच्या मुलांची शाळा यांतले काहीही राखीव झाले नाही. माझ्या मते सगळ्या वादातली हीच मुख्य बाब आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले.

शिवाय कुंपण एकाच बाजूला होते. एप्रिल २००१ मध्ये उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आणायचा यावरची बंधने, उठले. त्यानंतर जे कुलूप मोठ्या भारतीय कारखान्याला मुक्तपणे बनवता येत नव्हते, ते परदेशी कारखान्यातून मात्र येऊ शकत होते. झिंक डायकास्टिंगची, म्हणजे जस्त दाबाने साच्यात ओतून घडवलेली, गुळगुळीत चिनी कुलपे बाजारात दिसू लागली. तेव्हा २०१५ चा निर्णय हा मोठा आघात होता, हे मला पटत नाही. तोवर १४ वर्षे दार उघडेच होते.

पुढचे दोन धक्के अधिक खोल गेले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने नगावरची रोख मजुरी अडकली. आठवड्याचा हिशेब नोटांत चालणाऱ्या वस्तीत हे नुसते गैरसोयीचे नव्हते, त्यावर चूल अवलंबून होती. मग जुलै २०१७ पासून कुलपांवर १८ टक्के जीएसटी आला. त्याआधी वर्षाला दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या लघुघटकाला उत्पादन शुल्काची सूट होती. नव्या करात लहान उलाढालीला नोंदणीतून सवलत होती खरी, पण भरलेल्या कराची वजावट हवी असलेला घाऊक खरेदीदार नोंदणीकृत विक्रेत्याकडेच वळतो. ज्यांची वह्या-पावत्यांची घडी बसली नाही, ते साखळीत आणखी खालच्या पायरीवर सरकले.

२०१८ मध्ये उत्तर प्रदेशच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत अलीगढच्या नावापुढे कुलूप आणि हार्डवेअर लागले. २०२३ मध्ये ‘अलीगढ ताला’ला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या मालासाठीच राखलेले नाव, मिळाले. तमिळनाडूतल्या दिंडीगलच्या कुलपाला ते २०१९ मध्येच मिळाले होते. मानांकनाचे नाव वापरायचे तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. त्यामुळे नोंद होते ती तयार कुलूप विकणाऱ्याची. आयुष्यभर फक्त लिव्हर पाडणाऱ्याच्या किंवा किल्लीचे दात घासणाऱ्याच्या हातून पूर्ण कुलूप कधी बाहेर पडतच नाही.