मंडल वेगळं, यंत्र वेगळं

कंपासने काढलेल्या पाकळ्यांच्या नक्षीखाली ‘श्रीयंत्र मंडला’ असं लिहिलेलं दिसलं की डोकं उठतं. श्रीयंत्र सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे: मध्ये बिंदू, 9 मोठे त्रिकोण, त्यांतून झालेले 43 छोटे, भोवती 8 आणि 16 पाकळ्या, बाहेर भूपुर, म्हणजे दारं असलेली चौकोनी चौकट. त्यावर वेळ घालवत नाही.

गोल ते मंडल आणि त्रिकोणांचं ते यंत्र, ही समजूतही सोडा. नवग्रहांत सूर्याचं मंडल गोल, चंद्राचं चौकोनी, मंगळाचं त्रिकोणी, शनीचं धनुष्यासारखं. उद्यापनाला चौरंगावर मांडतात ते सर्वतोभद्र मंडल तर चक्क चौकोनी.

फरक आकारात नाही, पूजेत आहे; घोळ होतो तो तिथे. सर्वतोभद्रात 18 गुणिले 18, म्हणजे 324 घरं. घरं रंगांनी भरतात, आणि एका रंगाच्या घरांच्या गटाला एक नाव: कोपऱ्यात 3 घरांचा पांढरा खंडेंदू (चंद्रकोर), तिथून आत तिरपी उतरणारी 5 घरांची काळी शृंखला (साखळी), दोन्ही अंगांना हिरव्या वल्ली (वेली), मग तांबडी भद्रं, पांढऱ्या वापी (विहिरी), पिवळी परिधी (वेढा) आणि मधल्या 16 घरांत कमळ. गुरुजी एकेका जागी अक्षता वाहून देव बोलावतात: मध्यभागी ब्रह्मा, इंद्रादी लोकपाल आपापल्या दिशेला. ही देवांची पंगत. मुख्य देवतेची पूजा व्हायची ती मधल्या कलशावर. कार्य उरकलं की ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणून अक्षता टाकायच्या. देव उठले, की घरांत रंगांसाठी भरलेले मूग, मसूर, उडीद गोळा करायचे. (छापील कापड मला आवडत नाही. अंथरायचंच असेल तर निदान घरं मोजून घ्या.)

यंत्रात कुणी पाहुणा नसतो. यंत्र हा त्या देवतेचाच देह. कांचीपुरमला कामाक्षीसमोर श्रीचक्र, म्हणजे श्रीयंत्रच, आहे; त्याची पूजा ती देवीचीच पूजा. श्रीचक्राच्या नऊ वेढ्यांच्या नवावरण पूजेत पुष्कळ नावं येतात खरी, पण त्या सगळ्या तिच्याच शक्ती. पंगतीला बाहेरून आलेल्या नव्हेत. म्हणून प्राणप्रतिष्ठा केलेलं यंत्र पूजा संपली म्हणून कुणी मोडत नाही. आणि म्हणूनच त्यात हौसेने फेरफारही चालत नाही. तीन रेघा जिथे मिळतात त्या जागांना मर्मं म्हणतात; प्रत्येक मर्मात तिन्ही रेघा नेमक्या एकाच बिंदूत मिळायला हव्यात. एक त्रिकोण सरकला की बाकीचेही बिघडतात. बाजारातलं तांब्याचं यंत्र घेताना आधी तेवढं पाहा.

भिंतीवर शोभेला नक्षी हवी असेल तर खुशाल काढा, 16च्या 18 पाकळ्या करा. फक्त खाली श्रीयंत्र लिहू नका.